परक्याच्या पत्रांचा धनी कोण?

पत्र पेटीत पडले, की लिहिणाराचे त्यावरील स्वामित्व संपले, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ज्याच्या नावे ते आले त्याचे ते झाले; त्याने ते जपून ठेवावे, फाडावे, चुलीत घालावे, विकावे अथवा छापावे, त्यात इतरांनी बोलण्याचे कारण नाही, असे पुष्कळ सुज्ञ लोकही मानतात. ही समजूत कायद्याच्या दृष्टीने चुकीची आहे आणि नीतीच्या दृष्टीने तर त्याहूनही चुकीची आहे. मराठीत पत्रसंग्रहांचे एक लहानसे पण मोलाचे दालन आता उभे राहिले आहे. त्या दालनात वावरताना आपण कोणाच्या घरात कोणाच्या परवानगीने शिरलो आहोत, आणि या प्रवेशाचे शुल्क कोणाच्या पेटीत पडते, हा प्रश्न टीकाकाराने एकदा तरी विचारावयास हवा.

प्रस्तुत लेखकाचे बालपण मेळघाटात, धारणीस गेले. त्या काळी आसपासच्या पाड्यांवरील कोरकू मंडळी दिवाळीनंतर मजुरीसाठी खाली वऱ्हाडच्या मैदानात किंवा पलीकडे मध्य प्रदेशात जात आणि होळीस परतत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांस एखादे कार्ड येई. ते वाचता येत नसे. म्हणून बाजाराच्या दिवशी ही माणसे आमच्या शाळेच्या ओसरीवर येऊन बसत आणि आमचे एक वृद्ध गुरुजी त्यांना पत्रे वाचून दाखवीत, उत्तरेही लिहून देत. याबद्दल त्यांनी कधी पैसा मागितला नाही. तथापि कोणी ओंजळभर चारोळी किंवा पदरात बांधून आणलेली कुटकी पुढे ठेवली, तर ते ती नाकारीतही नसत. एकदा गावातील एका दुकानदाराने त्यांना हळूच विचारले, की अमक्याच्या मुलाचे पत्र आले म्हणतात, तो होळीला येताना किती रक्कम आणणार आहे? उधारीचा हिशेब त्याला त्या माहितीवर बसवावयाचा होता. आणि या माहितीच्या मोबदल्यात गुरुजींच्या घरच्या किराण्याची बाकी विसरून जाण्याची त्याची तयारी होती. गुरुजी एवढेच म्हणाले, “शेटजी, पत्र त्याचं आहे; माझे नुसते डोळे.”

हे वाक्य आम्ही त्या वयात ऐकले आणि पुढे पुष्कळ वर्षे विसरून गेलो. मोठमोठ्या साहित्यिकांच्या पत्रांचे संग्रह वाचू लागल्यावर ते पुन्हा आठवू लागले. कारण या प्रश्नाचा सगळा गाभा त्या प्रसंगात आहे. गुरुजींनी चारोळी घेतली आणि किराणा नाकारला. दोन्हींचा उगम परक्याच्या पत्रातच होता. परंतु चारोळी हे श्रमाचे मोल होते, आणि किराणा ही गुपिताची किंमत होती. परक्याच्या पत्रापासून लाभ घेणे हे सरसकट पाप नव्हे. मात्र आपण विकतो ते काय, आपले श्रम की दुसऱ्याचा विश्वास, याचा निवाडा प्रत्येकाने स्वतःशी केला पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्लंडात 1741 साली पोप या कवीने कर्ल नावाच्या पुस्तकविक्याविरुद्ध दावा लावला. पोप आणि स्विफ्ट यांच्यामधील पत्रे कर्लने परस्पर छापली होती. लॉर्ड चान्सेलर हार्डविक यांनी निर्णय दिला तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. पत्र पाठविल्याने कागद ज्यास पाठविला त्याचा होतो. पण त्यावरील शब्द छापण्याचा हक्क लिहिणाराकडेच राहतो, असा त्याचा आशय. आपल्याकडील 1957 चा कायदाही याच तत्त्वावर चालतो. लेखकाच्या शब्दांवर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. आणि त्याच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले लेखन मागाहून प्रसिद्ध झाले, तर ही 60 वर्षे प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून मोजली जातात. म्हणजे ट्रंकेत सापडलेल्या पत्रांचा गठ्ठा ही ट्रंकेच्या मालकाची सर्वस्वी दौलत नव्हे. कागद त्याचा, अक्षरे दुसऱ्याची.

परंतु कायद्याच्या या निर्मळ विभागणीवर फार विसंबून राहू नये. कायदा शब्दांचे रक्षण करतो ते मालमत्ता म्हणून. त्यांतील लज्जेचे, व्यथेचे किंवा विश्वासाचे रक्षण करणे हे त्याचे काम नव्हे. वारसाने संमती दिली, की या कायद्याचे तोंड बंद होते. आणि वारसास हक्क मिळतो म्हणून संकोचही मिळतोच असे नाही. शिवाय ज्यांच्याविषयी पत्रात लिहिलेले असते, ती आजारी सासू, तो फसलेला व्यवहार, ती मोडलेली सोयरीक, त्या माणसांना तर या हिशेबात जागाच नाही. त्यांनी पत्र लिहिलेले नसते, त्यांना ते आलेलेही नसते. खुद्द पोपचेच उदाहरण घ्या. पत्रे छापल्याबद्दल 1741 मध्ये न्यायालयात धाव घेणाऱ्या याच गृहस्थाने 1735 साली युक्तीने आपली पत्रे त्याच कर्लच्या हाती पडू दिली होती. हेतू असा, की चोरून छापलेल्या आवृत्तीचा निषेध करण्याच्या मिषाने आपली स्वतःची सुधारलेली आवृत्ती काढता यावी. आणि ती त्याने 1737 मध्ये काढलीही. खासगीपणाचा बोभाटा करूनही लाभ मिळविता येतो, हे ज्यास ठाऊक नाही त्याने या व्यवहारात पडू नये.

लाभाचे दुसरे आणि अधिक उघडे रूप लिलावात दिसते. कीट्सने फॅनी ब्रॉन हिला लिहिलेली प्रेमपत्रे तिने जन्मभर जपली. 1865 साली ती वारली. 1878 मध्ये ती पत्रे छापली गेली आणि 1885 मध्ये लंडनच्या लिलावात एकेका बोलीने विकली गेली. ऑस्कर वाइल्डने त्या लिलावावर सुनीत लिहून आपला उद्वेग व्यक्त केला हे प्रसिद्धच आहे. आम्हांस येथे लिलावापेक्षाही एक निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. छापली गेली ती केवळ कीट्सची बाजू. फॅनीने त्यास लिहिलेली पत्रे उरलीच नव्हती. परिणाम असा झाला, की क्षयाने खंगलेल्या एका तरुणाच्या संशयी, व्याकूळ अक्षरांतून वाचकांनी त्या मुलीची परीक्षा केली आणि तिला उथळ ठरविले. तिने कीट्सच्या धाकट्या बहिणीस लिहिलेली पत्रे पुढे अर्धशतकाहून अधिक काळाने उजेडात आली, तेव्हा कोठे तो आरोप पुसला जाऊ लागला. एकतर्फी पत्रव्यवहार छापणे म्हणजे एकाच पक्षाची साक्ष घेऊन निकाल देणे होय. पैसा कोणी किती मिळविला हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो.

आमच्या काळातीलही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. जे. डी. सॅलिंजर या एकांतप्रिय अमेरिकन लेखकाने जॉइस मेनार्ड या तरुण लेखिकेस 1972 च्या सुमारास लिहिलेली पत्रे तिने 1999 साली लिलावास काढली. मुलांच्या शिक्षणास पैसा हवा, असे तिचे म्हणणे होते. पीटर नॉर्टन नावाच्या धनिकाने ती 1,56,500 डॉलर देऊन विकत घेतली आणि ती सॅलिंजरकडे परत करण्याची इच्छा जाहीर केली. या कथेत नॉर्टन उदार आणि मेनार्ड लोभी असा निकाल लावून मोकळे होणे सोपे आहे. पण ती पत्रे आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि ते पन्नाशी ओलांडलेले होते, हे ध्यानात घेतले, की मौनाचा करार नेहमीच दोन समान पक्षांमध्ये झालेला नसतो, हेही मान्य करावे लागते. दुर्बलाच्या हाती पुष्कळदा पत्राखेरीज दुसरा पुरावा नसतो.

आता घरच्या उदाहरणाकडे वळू. वऱ्हाडच्या मातीत जन्मलेला आणि मराठीत पत्रवाङ्मयाचा मानदंड ठरलेला संग्रह म्हणजे ‘कुसुमानिल’. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांचा जन्म 1901 साली मूर्तिजापुरास झाला. कुसुमावती जयवंत यांचा 1904 साली अमरावतीस. दोघांचा विवाह 1929 मध्ये झाला. आणि विवाहापूर्वीच्या वर्षांत त्यांनी एकमेकांस लिहिलेली पत्रे म्हणजे हे पुस्तक. ज्या काळी परक्या तरुण-तरुणींनी एकमेकांस पत्र लिहिणे हेच धाडस होते, त्या काळचा हा व्यवहार आहे. पुढे अनिल 1958 साली मालवणच्या आणि कुसुमावतीबाई 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या स्थानी बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या निवर्तल्या. ‘कुसुमानिल’ प्रसिद्ध झाले ते 1972 साली. म्हणजे हे पुस्तक वाचकांच्या हाती आले, तेव्हा दोघांपैकी एका लेखकास जाऊन जवळजवळ अकरा वर्षे झाली होती.

येथे आमच्या मनात एक शंका उभी राहते आणि ती दडपून ठेवणे टीकाकारास शोभणार नाही. कुसुमावतीबाई नुसत्या पत्नी किंवा प्रेयसी नव्हत्या. त्या मराठीतील अत्यंत संयमी अशा टीकाकार होत्या. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास त्यांनी लिहिला. आपल्या टीकालेखांच्या संग्रहास त्यांनी ‘पासंग’ हे नाव दिले. तराजूच्या पारड्यांत जो किंचित फरक असतो तो भरून काढण्यासाठी ठेवावयाचे वजन म्हणजे पासंग. ज्या लेखिकेने आपल्या छापील शब्दास इतक्या काटेकोर वजनाने तोलले, तिचे विशी-बाविशीतील न तोललेले शब्द तिच्या पश्चात छापावे काय? त्या मुलीने लिहिले ते एका माणसासाठी. आणि त्या प्रौढ टीकाकार स्त्रीने या पुस्तकाची मुद्रिते तपासली नाहीत. तिच्या हातून ती तपासली गेली असती, तर किती ओळी उरल्या असत्या, हे आज कोणी सांगू शकत नाही.

या शंकेला उत्तर आहे आणि ते बऱ्याच अंशी समाधानकारक आहे. अनिलांनी केवळ तिची पत्रे छापली नाहीत, आपलीही छापली. आपले पोरवयातील आर्जव, आपला उतावळेपणा, आपली असूया, हे सर्व त्यांनी वयाच्या सत्तरीत, प्रतिष्ठा पूर्णपणे प्रस्थापित झाल्यानंतर, वाचकापुढे ठेवले. जो दुसऱ्याच्या अंतःकरणाचे दार उघडतो त्याने निदान आपले दार लावून घेऊ नये, ही या व्यवहारातील पहिली अट त्यांनी पाळली. ते व्यवसायाने न्यायाधीश होते. दोन्ही पक्ष ऐकल्यावाचून निकाल देऊ नये हे त्यांस निराळे शिकवावयास नको होते. फॅनी ब्रॉनवर जो अन्याय झाला तो कुसुमावतीबाईंवर होणे या पुस्तकात शक्य नव्हते, कारण येथे दोन्ही आवाज आहेत आणि तिचा आवाज कोठेही त्याच्या आवाजाची पुरवणी होऊन आलेला नाही. किंबहुना ‘कुसुमानिल’ वाचून मिटल्यावर वाचकाच्या मनात तिचीच बुद्धी अधिक काळ रेंगाळते, असा आमचा तरी अनुभव आहे.

तरीही हे उत्तर संपूर्ण नव्हे. सहलेखकाची जोखीम ही सहलेखिकेची संमती होऊ शकत नाही. त्याने स्वखुशीने सोडलेला संकोच आणि तिच्या वतीने सोडलेला संकोच यांत अंतर राहतेच. आमचा निर्णय विचाराल तर तो असा: ‘कुसुमानिल’ छापले गेले हे योग्य झाले, परंतु ते योग्य ठरले याचे श्रेय प्रेमाच्या हक्कास नसून समतोलाच्या कृतीस आहे. उद्या कोणी विधुर अनिलांचे उदाहरण पुढे करून पत्नीची तेवढी पत्रे छापू लागला, तर त्यास या पुस्तकाचा आधार घेता येणार नाही.

जी. ए. कुलकर्णी यांची कथा याहून अवघड आहे. लोकांत मिसळणे ज्यांनी जन्मभर टाळले, ते जी. ए. 1987 मध्ये गेले. आणि त्यांच्या निवडक पत्रांचे खंड त्यानंतर निघू लागले. त्यांतील पहिला, 1995 सालचा खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. त्या पत्रांवाचून मराठी वाचकाला जी. एं.चा विनोद, त्यांचे वाचन, त्यांचे चित्रकलेचे वेड यांचा पत्ताच लागला नसता, हे अगदी खरे. पण हेही तितकेच खरे, की काळ्या चष्म्याआड राहणाऱ्या त्या गृहस्थाने ज्या दाराला आतून कडी घातली होती, ते आपण बाहेरून उघडले. या प्रकरणातील पासंग पुढे सुनीताबाईंनी स्वतःच ठेवला: 2003 साली ‘प्रिय जी. ए.’ या नावाने त्यांनी आपली बाजूही हयातीत, आपल्या जबाबदारीवर, वाचकापुढे मांडली. आठ वर्षे एकीकडे झुकलेले पारडे त्यामुळे सरळ झाले. कोणास हे केवळ दुसऱ्या पुस्तकाचे निमित्त वाटेल. आम्हांस ते एक ऋण फेडल्यासारखे वाटते.

साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ आम्ही या विवेचनातून जाणूनबुजून वगळली आहेत. ती पुतणीस उद्देशून असली तरी तिच्या खांद्यावरून महाराष्ट्रातील सर्व मुलांकडे पाहत लिहिलेली आहेत. अशा पत्रांत पाकीट हा केवळ अलंकार असतो. त्यांच्या प्रकाशनात विश्वासभंगाचा प्रश्नच उद्भवत नाही.

कोणी म्हणेल, की एवढी सोवळी-ओवळी पाळावयाची तर सगळीच पत्रे जाळून टाकणे बरे. हा आमचा अभिप्राय मुळीच नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले ते बहुतांशी पत्रांच्या आधाराने. अमेरिकेतून आनंदीबाईंनी पतीस लिहिलेल्या पत्रांत, बालपणी सोसलेल्या मारझोडीविषयी त्यांनी किती विवेकाने आणि किती धैर्याने जाब विचारला आहे, हे त्या पत्रांवाचून कोणास कळले असते? पत्नीस शिकविणारा आदर्श पती एवढेच चित्र मागे राहिले असते, आणि 1887 साली अवघ्या एकविसाव्या वर्षी गेलेल्या त्या मुलीचे दुःख तिच्याबरोबरच जळून गेले असते. येथे पत्र छापणे हा विश्वासभंग नव्हता. न छापणे हा झाला असता. तेव्हा मौन हे नेहमीच सभ्यतेचे लक्षण नव्हे. ते कोणाच्या उपयोगी पडते, हे पाहिले पाहिजे.

असाच विचार सार्वजनिक संग्रहांविषयी करता येईल. गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतील स्नेही हर्मन कॅलनबाख यांच्याशी संबंधित कागदपत्रे 2012 साली लंडनला लिलावास निघाली होती; ती भारत सरकारने लिलावाआधीच विकत घेऊन राष्ट्रीय अभिलेखागारात आणली. पैसा येथेही मोजला गेला. परंतु ती पत्रे एकाच्या तिजोरीत न जाता अभ्यासकाच्या मेजावर आली. अभिलेखागारात वाचकास नोंद करावी लागते, शांत बसावे लागते, मागचे-पुढचे सर्व कागद पाहावे लागतात. ‘मसालेदार’ ओळ तेवढी उचलून पळता येत नाही.

या सगळ्यातून काही कसोट्या निघतात. पत्र लिहिणाराची इच्छा काय होती, आणि ती कळत नसेल तर त्याचा स्वभाव काय होता, हे पाहावे. दोन्ही बाजू मिळत असतील तर एक छापू नये. मिळत नसतील तर प्रस्तावनेत तसे ठळकपणे सांगावे. जी तिसरी माणसे पत्रात सापडली आहेत, त्यांची नावे गाळल्याने वाङ्मयाचे काही बिघडत नसेल, तर ती खुशाल गाळावी. संपादकाने आपल्या श्रमाचे मोल अवश्य घ्यावे. अक्षर लावणे, तारखा ठरविणे, टिपा देणे हे कष्टाचे काम आहे, आणि चारोळी नाकारण्यात कसलाही मोठेपणा नाही. परंतु जाहिरातीत जेव्हा श्रमाऐवजी गुपिताचा पुकारा होऊ लागतो, तेव्हा तो दुकानदाराचा किराणा आपल्या घरात आला आहे हे ओळखावे.

आणि शेवटी वाचक. त्याला या व्यवहारातून निर्दोष सोडता येणार नाही. लेखक, वारस, संपादक, प्रकाशक या सर्वांचा लाभ आपण मोजतो. पण सर्वांत मोठा लाभ आपलाच असतो. आपण ग्रंथाची किंमत देतो आणि दोन माणसांच्या आयुष्यातील सर्वांत कोवळी वर्षे घरी घेऊन जातो. आज पत्रे लिहिणे जवळजवळ संपले आहे. परंतु भ्रमणध्वनीवरील खासगी संदेशांचे छायाचित्र क्षणात चव्हाट्यावर मांडता येते, आणि ते मांडणाराला ना संपादनाचे श्रम पडतात, ना प्रस्तावनेची जबाबदारी असते. म्हणूनच पत्रसंग्रह वाचण्याची शिस्त आज अधिक निकडीची झाली आहे. दुसऱ्याचे मन उघडे दिसले असता कसे वागावे, ही ती शिस्त होय.

आमच्या गुरुजींनी त्या ओसरीवर शेकडो पत्रे वाचली असतील. कोणाचा मुलगा परतला नाही, कोणाच्या सुनेने दुसरा घरोबा केला, कोणाचे मूल वाटेतच गेले, हे सर्व त्यांस ठाऊक होते. आणि गावाला त्यांच्याकडून यांतले अवाक्षर कळले नाही. साहित्याच्या समीक्षकास त्यांच्यासारखे गप्प बसता येत नाही, कारण बोलणे हाच त्याचा धर्म आहे. पण बोलताना त्याने एवढे तरी स्मरावे, की पत्र त्याचे नव्हे. त्याचे नुसते डोळे आहेत.